सांगलीचें जुनें स्टेशन आणि त्याचे कागद

सांगली शहरांत 'स्टेशन चौक' या नांवाचा एक प्रसिद्ध चौक आहे. परंतु त्या चौकांत आज आगगाडी येत नाहीं. गाडी धरावयाची असेल तर पुणें-मिरज मार्गावरील आजच्या निराळ्या स्टेशनावर जावें लागतें. परगांवचा मनुष्य या नांवानें फसतो. आणि गांवचा मनुष्य तें इतक्या वेळां उच्चारितो कीं, त्याचा अर्थ विचारण्याचें त्यास कारणच पडत नाहीं. स्थलनामांचा अभ्यास करणारांस हा प्रकार नवा नाहीं. वेस पडून गेली तरी वेशीचें नांव राहतें. तळें बुजलें तरी आळीस तळ्याचें नांव राहतें. वस्तु जाते व शब्द उरतो. त्या शब्दावरून वस्तूकडे परत जाणें हें संशोधकाचें काम होय, आणि तेंच या लेखांत योजिलें आहे.

कित्येक वाचक म्हणतील कीं, जेथें शकावल्या, बखरी व मोडी रुमाल यांचा विचार व्हावयाचा, तेथें आगगाडीच्या स्टेशनाची कथा कशाला? त्यास उत्तर असें. मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतील पत्रें 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नांवानें १८९७ पासून छापण्यास आरंभ केला, तेव्हां त्यांतील पुष्कळ पत्रें लिहून शंभर-सव्वाशें वर्षेंच झालीं होतीं. सांगलीचें जुनें स्टेशन १९०७ सालचें. म्हणजे त्याचे पहिले कागद आज जितके जुने आहेत, जवळजवळ तितकींच तीं पत्रें शास्त्रीबोवांच्या वेळीं जुनीं होतीं. जुनेपणाच्या मापानें पाहतां आपण आतां त्यांच्याच जागीं उभे आहों. भेद इतकाच कीं, सरदारांचें दप्तर रुमालांत बांधून ठेवण्याची चाल होती. आगगाडीच्या कागदांस मात्र रद्दीपलीकडे किंमत आहे, असें फारसें कोणास वाटलें नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेंत मोठा दुष्काळ पडला. धान्य एका प्रांतांत असून दुसऱ्या प्रांतांत पोंचत नसल्यामुळें माणसें मेलीं, हें त्या वेळीं ढळढळीत दिसून आलें. १८८० सालच्या दुष्काळ-मंडळानें लोहमार्ग वाढविण्याची शिफारस केली. त्यानंतर १८८२ सालीं सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी निघाली. तिचे मार्ग मीटरगेजचे, म्हणजे दोन रुळांत सुमारें सव्वातीन फूट अंतर असलेले होते. जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग साडेपांच फुटांचा, म्हणजे ब्रॉडगेज होता. अरुंद मार्गास खर्च कमी लागतो, पूल व बोगदे लहान पुरतात, घाटांत वळणें घेतां येतात. आणि दुष्काळी मुलुखांत भरपूर मालाची आशा नसतांना हा हिशेब चुकीचा नव्हता. पुणें, मिरज, बेळगांव व लोंढा यांस जोडणारा मार्ग १८९० पर्यंत पुरा झाला. मिरजेपासून कोल्हापुरापर्यंतचा २९ मैलांचा फांटा कोल्हापूर संस्थाननें स्वतःच्या पैशानें बांधिला. त्याच्या कामाचा आरंभ ३ मे १८८८ रोजीं शाहू महाराजांच्या हस्तें झाला व १८९१ सालीं त्यावर गाड्या चालूं लागल्या. मिरज हें अशा रीतीनें जंक्शन झालें.

या मार्गानें कांहीं गांवांचें भाग्य उदयास आलें व कांहीं गांवें बाजूस पडलीं. सातारा हें मराठ्यांच्या छत्रपतींचें राजधानीचें शहर. परंतु डोंगराच्या कुशींत असल्यामुळें मुख्य मार्ग तेथें गेला नाहीं. शहरापासून सुमारें दहा मैलांवर पाडळीजवळ स्टेशन झालें व त्यास 'सातारा रोड' असें नांव मिळालें. त्याच प्रकारें 'कुंडल रोड' हें स्टेशन झालें. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं औंध संस्थानांतील माळावर वसाहत केली, त्या वसाहतीवरून पुढें त्यास किर्लोस्करवाडी हें नांव पडलें. जी. आय. पी. रेल्वेवरील कुर्डुवाडीचें नांवही पूर्वीं 'बार्शी रोड' असें होतें. या 'रोड' शब्दाचा अर्थ रस्ता असा घेऊन भागत नाहीं. 'गंगेंत गौळवाडा' म्हटलें म्हणजे गंगेच्या तीरावरील गौळवाडा समजावा, हें लक्षणेचें उदाहरण अलंकारशास्त्र शिकलेल्यांस ठाऊक आहे. त्याच न्यायानें 'सातारा रोड' म्हणजे सातारा नव्हे. साताऱ्यास जावयाचें असल्यास येथें उतरून पुढील रस्ता धरावा, असा त्याचा लक्ष्यार्थ होय. इंग्लंडांतही ही रीति होती. कॉर्नवॉल परगण्यांतील बॉडमिन गांवापासून दूर असलेलें स्टेशन १८५९ पासून 'बॉडमिन रोड' या नांवानें चालत आलें व १९८३ सालीं तें नांव बदललें. जुन्या पत्रांत 'रोड' दिसला कीं, प्रवासी गाडींतून उतरल्यावर पुढें टांगा, छकडा वा पायवाट यांचा प्रवास उरला होता असें खुशाल समजावें.

सांगलीची स्थिति साताऱ्याहून थोडी बरी होती, पण अडचणीचीच होती. थोरले चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं मिरजेहून निराळें होऊन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सांगली ही आपली राजधानी केली. कृष्णेच्या तीरावर गणपतीचें देवालय उभारलें व पेठ वसविली. हरिपूर येथें कृष्णा-वारणेचा संगम. तेथील जमिनींत खोल पेवें खणून त्यांत हळद साठविण्याची रीति प्रसिद्ध आहे. हळद, गूळ व भुईमूग यांच्या व्यापारानें सांगली मोठी झाली. आगगाडीपूर्वीं या प्रांताचा माल बैलांच्या पाठीवर व गाड्यांवरून घाट उतरून कोंकणच्या बंदरांस जाई. कऱ्हाडाकडील माल कुंभार्लीच्या घाटानें चिपळुणास उतरे. पुणें-मिरज मार्ग झाल्यावर हा ओघ पालटला. परंतु तो मार्ग सांगलीच्या पेठेस न शिवतां मिरजेस गेला. पांच मैलांवरील मिरजेस गाडी येते आणि आपल्या पेठेंतील हळद मात्र बैलगाडींत भरून तेथवर न्यावी लागते, ही गोष्ट व्यापारी गांवास सलणारी होती.

म्हणून सांगली संस्थाननें स्वतःचा मार्ग बांधिला. मिरज ते सांगली हा सुमारें पांच मैलांचा मीटरगेज फांटा १ एप्रिल १९०७ रोजीं सुरू झाला. 'सांगली स्टेट रेल्वे' हें त्याचें नांव. त्या वेळीं दुसरे चिंतामणराव आप्पासाहेब हे वयानें लहान होते. १९०३ सालीं ते दत्तक आले व पूर्ण अधिकार त्यांस १९१० सालीं मिळाले. मधल्या काळांत कारभार इंग्रज सरकारच्या देखरेखीखालीं चालला होता. मार्गाची मालकी संस्थानची, परंतु तो चालविण्याचें काम सदर्न मराठा रेल्वेकडे होतें. अशा व्यवस्थेंत भांडवल व जमीन मालकाची, एंजिनें, डबे व नोकरवर्ग कंपनीचा, आणि उत्पन्नाची वांटणी करारानें ठरलेली, अशी पद्धति असते. संशोधकानें हें ध्यानांत ठेवावें, कारण त्यामुळें एकाच स्टेशनाचे कागद दोन घरीं विभागले जातात. जमीन संपादनाचे निवाडे, नुकसानभरपाईच्या याद्या, खर्चाच्या मंजुऱ्या व जाहीरनामे हे संस्थानच्या दप्तरांत. आणि तिकिटें, वेळापत्रकें, मालाच्या पावत्या व नोकरांच्या नेमणुका या कंपनीच्या दप्तरांत. कंपनीच्या संचालकांची सभा लंडन येथें भरत असल्यामुळें तिचा वरिष्ठ पत्रव्यवहार समुद्रापलीकडे जाई. अशा कंपन्यांचे पुष्कळ कागद इंडिया ऑफिसच्या दप्तराबरोबर आज ब्रिटिश ग्रंथालयांत आहेत.

या छोट्या फांट्याच्या शेजारीं पुढें आणखी एक मार्ग आला. कुर्डुवाडी ते बार्शी हा अडीच फुटांचा नॅरोगेज मार्ग एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज एंजिनीयरानें १८९७ सालीं सुरू केला होता. कॅलथ्रॉप हा पूर्वीं जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरींत होता. प्रत्येक वाहनाच्या प्रत्येक आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेतां येतो, हें त्याचें सूत्र होतें. हा मार्ग १९०६ सालीं पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास व १९२७ सालीं मिरजेस पोंचला आणि एकूण २०२ मैलांचा झाला. १९५४ सालीं तो सरकारनें विकत घेतला. आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या या गाडीनें पंढरीस गेल्या.

कॅलथ्रॉपनें बार्शीकडे जें सिद्ध केलें तेंच पुढें आपल्या देशांत नेलें, ही गोष्ट मनोरंजक आहे. इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर परगण्यांत मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यांतून त्यानें त्याच अडीच फुटांच्या मापाचा, सवाआठ मैलांचा मार्ग बांधिला. तो जून १९०४ मध्यें सुरू झाला. त्याचें शेवटचें स्टेशन हुल्म एंड. त्यावरील दोन एंजिनांपैकीं एकास कॅलथ्रॉपचेंच नांव दिलें होतें. रुंद मार्गावरील वाघिणी जशाच्या तशा उचलून वाहणारे सखल डबेही तेथें होते, म्हणजे माल उतरून पुन्हां भरण्याचा त्रास वांचे. तथापि खोऱ्यांत वस्ती विरळ, मुख्य मिळकत दुधाच्या वाहतुकीची. तें दूध मोटारींनीं जाऊं लागतांच मार्गाचा आधार तुटला व मार्च १९३४ मध्यें तो बंद पडला. रूळ काढून १९३७ सालीं त्या जागीं पायवाट करण्यांत आली. हुल्म एंड येथील तिकीट-कचेरीची लहानशी इमारत मात्र राखिली असून, आज तेथें प्रवाशांस त्या मार्गाची माहिती मिळते. बार्शीचें इंग्लंडांतील हें भावंड तीस वर्षेंच जगलें. बार्शीचा मार्ग मात्र शंभर वर्षें चालून, एकविसाव्या शतकाच्या आरंभीं टप्प्याटप्प्यानें ब्रॉडगेज झाला.

यावरून स्टेशनें बंद पडण्याचीं कारणें दोन प्रकारचीं असतात हें दिसेल. एक, वाहतूकच आटते. हुल्म एंड या वर्गांतील. इंग्लंडांत १९६३ सालीं डॉ. बीचिंग यांच्या अहवालानें तोट्याचें कारण दाखवून २,३६३ स्टेशनें बंद करण्यासाठीं नोंदविलीं, तींही बहुतेक याच वर्गांतील. दुसरें कारण याच्या उलट. वाहतूक इतकी वाढते कीं, जुनी व्यवस्था तीस पुरेनाशी होते, आणि मार्ग रुंद होऊन अन्यत्र वळतो. सांगलीचें स्टेशन या दुसऱ्या वर्गांतील होय.

तें कसें, हें थोडें उलगडून सांगणें अवश्य आहे. पुण्यापर्यंत मुंबईकडून ब्रॉडगेज व पुण्यापासून दक्षिणेस मीटरगेज, अशी स्थिति ऐंशी वर्षें होती. मुंबईस जाणारें हळदीचें प्रत्येक पोतें पुण्यास एका गाडींतून उतरून दुसरींत भरावें लागे. प्रवाशांसही तेथें गाडी बदलावी लागे. हमाली, विलंब, फुटतूट व चोरी यांचा भार मालावर पडे. साखर-कारखाने, गिरण्या व एंजिनांचे कारखाने या प्रांतांत वाढल्यावर ही अडचण असह्य झाली. म्हणून पुणें-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज करण्याचें काम हातीं घेण्यांत आलें व तें १९७१ सालीं पुरें झालें. हें करितांना जुनाच मार्ग सर्वत्र रुंद केला नाहीं. कांहीं ठिकाणीं तो नव्यानें आंखला. नवा मार्ग माधवनगराकडून सांगली व विश्रामबाग या स्टेशनांवरून मिरजेस नेला. सांगली मुख्य मार्गावर आल्यावर पांच मैलांच्या मीटरगेज फांट्यास कांहीं प्रयोजन राहिलें नाहीं. ज्या सांगलीनें मुख्य मार्ग आपल्याकडे आला नाहीं म्हणून स्टेशन बांधिलें, त्या सांगलीकडे मुख्य मार्ग आला म्हणूनच तें स्टेशन गेलें. साताऱ्यासही या वेळीं माहुलीच्या बाजूस स्वतःचें स्टेशन मिळालें आणि 'सातारा रोड' हें नांव मुख्य मार्गाच्या यादींतून नाहींसें झालें.

हा बदल अभ्यासकास कसा चकवील याचें एक उदाहरण पाहा. १९३० सालच्या एखाद्या पत्रांत 'सांगली स्टेशनावर उतरून चालत वाड्यांत गेलों' असें वाक्य आलें, तर आजचा नकाशा समोर ठेवणारा संपादक तें अंतर चुकीचें मोजील, व कदाचित् पत्रलेखकासच खोटें पाडील. नांव एक व स्थान दोन, हा प्रकार नाण्यांच्या टांकसाळींत व किल्ल्यांच्या नांवांत आपण पाहिला आहे; तोच येथेंही आहे. टीपेंत 'जुनें स्टेशन' एवढे दोन शब्द घातले तरी हा घोटाळा टळेल.

संग्राहकांस उपयोगी पडतील अशा कालनिर्णयाच्या कांहीं खुणा येथें देतों. कागदावर 'एस. एम. आर.' हीं कंपनीचीं आद्याक्षरें असतील, तर तो छापील नमुना १९०७ अखेरपर्यंतचा समजावा. कारण १ जानेवारी १९०८ पासून ही कंपनी मद्रास रेल्वेशीं एक होऊन 'एम. अँड एस. एम.' झाली. सांगलीचा फांटा एप्रिल १९०७ चा असल्यामुळें त्या स्टेशनाचा जुन्या आद्याक्षरांचा कागद अवघ्या नऊ महिन्यांचा ठरतो, व म्हणून अतिदुर्मिळ मानावा. मात्र जुने नमुने संपेपर्यंत वापरण्याची कचेऱ्यांची संवय लक्षांत घेऊन, हातानें घातलेली तारीख नेहमीं ताडून पाहावी. १९४४ सालीं ही रेल्वे सरकारनें आपल्या हातीं घेतली. तरी नांव १९५१ पर्यंत तेंच राहिलें. १४ एप्रिल १९५१ पासून 'सदर्न रेल्वे', आणि ऑक्टोबर १९६६ पासून 'साउथ सेंट्रल रेल्वे'. यास्तव जुन्या स्टेशनाच्या कागदावर हें शेवटलें नांव असेल, तर तो त्याच्या अखेरच्या पांच-सहा वर्षांतील होय.

दुसरी खूण राज्यव्यवस्थेची. सांगली संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९४९ सालीं 'दक्षिण सातारा' हा जिल्हा झाला व नोव्हेंबर १९६० मध्यें त्यास 'सांगली' हें नांव मिळालें. म्हणजे पत्त्यांत वा पावतींत 'संस्थान सांगली', 'दक्षिण सातारा' किंवा 'जिल्हा सांगली' यांपैकीं काय आहे, यावरूनच तारीख नसलेल्या कागदाचा काळ बराचसा ठरतो.

तिसरी खूण तिकिटाची. जाड पुठ्ठ्याचें, सव्वादोन इंच लांब असें तिकीट टॉमस एडमंडसन नांवाच्या इंग्रज स्टेशनमास्तरानें १८३७ च्या सुमारास काढिलें व तेंच जगभर पसरलें. त्यावर अनुक्रमांक छापलेला असे आणि तारीख यंत्रानें दाबून उमटविली जाई. त्यामुळें शाई उडाली तरी तिरप्या उजेडांत धरल्यास तारखेचे दाब पुष्कळदां वाचतां येतात. असें तिकीट पाण्यानें पुसूं नये व चिकटवूं नये. पाठीमागील मजकूरही पुरावाच असतो.

स्टेशनाचे कागद केवळ रेल्वेच्याच इतिहासाचे नव्हेत. पेठेंतून कोणता माल, किती, कोणास व कोणत्या ऋतूंत गेला हें मालाच्या पावत्या सांगतात. १८९४ पासून मिरजेस डॉ. वॉनलेस यांच्या रुग्णालयासाठीं दूरदूरचे रोगी येऊं लागले. १९१९ सालीं सांगली-मिरजेच्या मध्यें विलिंग्डन महाविद्यालय निघालें. ७ जून १९४३ रोजीं प्रतिसरकारच्या तुफान सेनेनें शेणोलीजवळ पगाराचा खजिना नेणारी गाडी अडविली. यांपैकीं प्रत्येक गोष्टीचा एक धागा या मार्गाच्या कागदांत असणार.

हे कागद आज कोठें शोधावेत? पुणें व कोल्हापूर येथील पुराभिलेखागारांत संस्थानी दप्तरें पाहावींत. पण तेवढ्यावर थांबूं नये. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या घरीं मोबदल्याचे कागद, अडत्यांच्या घरीं रोजमेळांत टांचलेल्या पावत्या, आणि निवृत्त रेल्वे नोकरांच्या पेट्यांत वेळापत्रकें व नेमणुकीचीं पत्रें असतात. राजवाड्यांस पानिपतचीं पत्रें वाईच्या एका वाड्यांत मिळालीं. तीं सरकारी दप्तरांत नव्हतीं. इंग्लंडांतही बंद स्टेशनांची नोंद बव्हंशीं हौशी मंडळींनींच केली, व रेल्वे आणि कालव्यांच्या इतिहासासाठीं तेथें १९५४ सालीं स्वतंत्र मंडळच निघालें.

यांत विलंब परवडणारा नाहीं. २००५ व २०१९ सालीं कृष्णेचें पाणी सांगलीच्या वस्तींत शिरलें. दुसऱ्या खेपेस एका जुन्या वाचनालयाचे सहस्रावधि ग्रंथ भिजून गेले. जेथें संस्थेच्या ग्रंथांची ही गति, तेथें माळ्यावरील पावत्यांचा काय पाड! शिवाय त्या गाडींत बसलेलीं, स्टेशनाचा धक्का, घंटा व पाण्याची टांकी कोठें होती हें बोट दाखवून सांगणारीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. कागद एक वेळ पुन्हां सांपडेल. त्यांची साक्ष पुन्हां सांपडणार नाहीं.

म्हणून सांगली-सातारा भागांतील संग्राहकांस विनंति कीं, प्रत्येकानें निदान एका वृद्ध गृहस्थास बरोबर घेऊन जुन्या स्टेशनाची जागा पाहावी, ते सांगतील तें तारीख घालून लिहून ठेवावें, व घरांत सांपडलेल्या कागदाची नक्कल मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद ज्याचा त्याजपाशीं राहूं द्यावा. स्टेशन चौक हें नांव राहीलच. त्या नांवाचें कारणही राहावें, एवढाच हेतु.